तीस हजारांचं कर्ज, सात मिनिटं आणि सोबत आलेला कागद

लालबागला मी घरगुती डबे करते. रोजचे बेचाळीस, बहुतेक लोअर परळच्या ऑफिसांत जाणारे. 2025 च्या जूनमध्ये माझा डीप फ्रीझर बंद पडला. कॉम्प्रेसर गेला होता, आणि दुरुस्तीवाला म्हणाला, वहिनी, यावर आता खर्च करू नका. मटार, ओलं खोबरं, मासळी सगळं शेजारणींच्या फ्रिजांमध्ये वाटून ठेवलं. नवा फ्रीझर 18,500 ला मिळत होता. शनिवार, 14 जून, रात्री पावणेअकराला भांडी आवरल्यावर मी ओट्याला टेकले आणि फोनवरच्या एका अ‍ॅपमधून कर्ज घेतलं. आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी. सात मिनिटांत पैसे खात्यात.

त्या कर्जाबद्दल लिहितेय, आणि त्याहून जास्त त्याच्यासोबत आलेल्या कागदाबद्दल. अ‍ॅपचं नाव देत नाही. अशी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत आणि एकाला नावं ठेवून दुसऱ्याकडे बोट दाखवावं असं मला वाटत नाही. पण तो कागद सगळ्यांच्या कर्जासोबत येतो, तुमच्याही येईल. त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात, म्हणजे कर्जाची मुख्य माहिती एका जागी लिहिलेला कागद. रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 ला परिपत्रक काढलं आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून घरगुती नि छोट्या धंद्याच्या प्रत्येक नव्या मुदतीच्या कर्जाला हा कागद देणं बँकांना आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना बंधनकारक झालं. कर्जाच्या धोक्याचा इशारा सरकारने द्यावा का, यावर लोक वाद घालतात. इशारा तर दिलेला आहे. माझ्याच फोनमध्ये होता. तो मला कसा पोचला, किंवा का पोचला नाही, ते सांगते.

पहिल्यांदा कर्जाचं. मला हवे होते 18,500. स्क्रीनवर आकडा आधीच 30,000 वर नेऊन ठेवलेला. खाली हिरव्या अक्षरांत ‘दरमहा फक्त 2%’ आणि त्याखाली ‘हप्ता 3,100’. वर घड्याळ चालू, ऑफर 14 मिनिटं 59 सेकंदांत संपणार. मी मनात हिशेब केला: महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस, महाग आहे पण फ्रीझर बंद राहिला तर रोजचं नुकसान त्याहून जास्त. आकडा मागे 18,500 वर ओढता आला असता. ओढला नाही. जून महिना होता, मुलाची पुस्तकं आणि क्लासची फी डोक्यात होती, आणि घड्याळ उलटं पळत होतं. घेतले तीस.

खात्यात आले 28,938. तीन टक्के प्रोसेसिंग फी 900 रुपये आणि तिच्यावर जीएसटी 162, आधीच कापून घेतलेले. फेडायचे होते 3,100 चे बारा हप्ते, म्हणजे 37,200. हातात आलेल्या पैशांपेक्षा 8,262 जास्त.

आता तो ‘दरमहा 2%’ बघा. व्याज तीस हजारांवर धरलेलं, महिन्याला सहाशे. पण मी दर महिन्याला मुद्दलही फेडतेय. सहा महिन्यांनी त्यांचे माझ्याकडे पंधराच हजार राहतात, तरी व्याज सहाशेच. शेवटच्या महिन्यात अडीच हजार उरतील, तेव्हाही सहाशे. फी धरून आणि मुद्दल कमी होत जातं हे धरून खरा वार्षिक दर काढला तर तो 49 टक्क्यांच्या आसपास जातो. मी चोवीस समजून अंगठा दाबला होता, निघाला एकोणपन्नास.

हा 49 चा आकडा मी शोधून काढलेला नाही. तो त्या कागदावर छापलेला होता. दुसऱ्या पानावर, एपीआर नावाच्या ओळीत; एपीआर म्हणजे फी वगैरे सगळं धरून निघणारा वार्षिक दर. कागद तीन पानांचा, इंग्रजीत, पीडीएफ. अ‍ॅपमध्ये तो उघडावा लागतही नव्हता. खाली चौकोन होता, ‘मी वाचलं आणि मला समजलं’. त्यावर टिचकी मारली की पुढचा पडदा.

मला हे कळलं पंधराव्या दिवशी. माझा मोठा भाऊ फोर्टात एका वकिलांकडे कारकून आहे. रविवारी जेवायला आला होता, फ्रीझर बघितला आणि विचारलं, पैसे कुठून आणलेस? मी फोन दिला. त्याने चष्मा लावून तिन्ही पानं वाचली. मग म्हणाला, ‘‘तुला हे परत करता आलं असतं. तीन दिवस होते.’’

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की फोनवरून घेतलेलं कर्ज परत करायला मुदत असते. रिझर्व्ह बँकेने 2022 च्या सप्टेंबरमध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणले आणि 8 मे 2025 ला ते नव्याने एकत्र केले. त्यात हे आहे. कंपनीने ठरवलेल्या मुदतीत, निदान एक दिवस तरी, तुम्ही मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन कर्जातून बाहेर पडू शकता, दंड नाही. प्रोसेसिंग फी तेवढी ते ठेवू शकतात. माझ्या कागदावर तीन दिवस लिहिले होते. सोमवारी सकाळी मला कोणी हे सांगितलं असतं, तर मी वरचे साडेअकरा हजार लागणार नाहीत म्हणून तीस परत केले असते आणि भिशीतल्या बायकांकडे 18,500 चा विषय काढला असता. आमची भिशी दहा जणींची आहे, मधेच नंबर मागितला तर कोणी ना कोणी अदलाबदल करते.

घड्याळाबद्दलही दादाने सांगितलं. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला, कागद दिल्यावर निदान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी बदलता येत नाहीत. म्हणजे नियम मला तीन दिवस देत होता आणि पडदा मला पंधरा मिनिटं दाखवत होता. ग्राहकांना खोटी घाई लावणं ही फसवी पद्धत आहे असं केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय. अशा तेरा पद्धतींची यादी आहे त्यात. मला या गोष्टीचा जितका राग आला तितका व्याजाचाही आला नाही. व्याज निदान कागदावर खरं लिहिलं होतं.

रिझर्व्ह बँकेच्या या कागदाबद्दलच्या नियमात आणखी एक ओळ आहे. कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगावा आणि त्याला समजल्याची पोच घ्यावी. माझ्याकडून पोच घेतली. समजावून कोणी सांगितलं नाही, आणि भाषा कोणती हवी ते विचारलंही नाही.

मला इथे आईचं कर्ज आठवतं.

माझे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. संप मिटला असं कोणी कधी आमच्या घरात म्हटलं नाही, फक्त वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आई खाणावळ चालवायची, पण जेवणारेच गिरणी कामगार, त्यांच्याकडे पैसे नाहीत. वाण्याची उधारी चढली. गिरणगावात त्या आधीपासून पठाणी व्याज काय असतं हे प्रत्येक घराला माहीत होतं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजावर काठी घेऊन उभे असलेले पठाण वडिलांनी बघितले होते, त्या आठवणी ते रात्री सांगायचे. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. आई त्या मंडळात नव्हती, तिने कर्ज काढलं आमच्या आळीतल्या एका छोट्या पतपेढीतून. दोन हजार. बरोबर मी गेले होते.

पतपेढीत एक कारकून काका होते. त्यांनी आईला बसवलं, फॉर्म तिच्याकडे न देता स्वतः मोठ्याने वाचला. मग फॉर्म उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘‘बाई, किती घेताय?’’

‘‘दोन हजार.’’

‘‘आणि फेडणार किती?’’

आई गप्प. काकांनी परत सांगितलं, बावीसशे चाळीस. परत विचारलं. आईने सांगितलं, बावीसशे चाळीस. मग काका म्हणाले, ‘‘हे वरचे दोनशे चाळीस कुठून आणणार?’’

आई म्हणाली, दोन जेवणारे वाढवीन. काकांनी सही घेतली.

मी इतकी वर्षं हे विसरले नव्हते, पण त्याचं मोल मला दादा तो कागद वाचत होता तेव्हा कळलं. काकांनी आईला कर्जाचे धोके सांगितले नाहीत. घाबरवलं नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असलं काही ऐकवलं नाही. एक आकडा तिच्या तोंडून वदवून घेतला आणि एक प्रश्न विचारला. सरकारने इशारा द्यायचा तर असा द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. टक्क्यांत नको, रुपयांत द्या. पीडीएफमध्ये नको, बटणाच्या वर द्या. मराठी माणसाला मराठीत द्या, वाचता येत नसेल तर आवाजात. ‘तुमच्या हातात 28,938 येतील, तुम्ही 37,200 फेडाल, वरचे 8,262 कुठून आणाल?’ फोनला बोलता येतं. तो रोज सकाळी माझ्या मुलाला हवामान सांगतो.

यावर माझ्या एका डब्याच्या गिऱ्हाइकाशी माझा वाद झाला. मुलगा भला आहे, फायनान्स कंपनीत काम करतो, डबा घ्यायला खाली येतो तेव्हा दोन मिनिटं बोलतो. तो म्हणाला, ‘‘काकू, मोठ्या माणसांना सरकारने कशाला शिकवायचं? ज्याचं त्याला कळायला हवं. उद्या भाजी घेतानाही सरकार येऊन सांगेल का?’’

भाजीवाला मला भाव किलोचाच सांगतो. चोवीस सांगून एकोणपन्नास घेत नाही. वजनकाट्यावर सरकारचा शिक्का असतो, वैधमापनवाले येऊन तपासतात, तेव्हा कोणी म्हणत नाही की लोकांना शहाणं समजलं नाही. मी त्याला एवढंच विचारलं की कर्जाचा काटा कोण तपासणार. तो म्हणाला, त्यासाठीच तर एपीआर आहे. बरोबर आहे त्याचं. पण काटा दुकानाच्या माळ्यावर ठेवून चालत नाही.

आणि सरकारने मध्ये पडणं आपल्याकडे काही नवं नाही. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखतं काढून जाळली, ते दंगे आपल्या सगळ्यांच्या शाळेच्या पुस्तकात होते. त्यानंतर 1879 साली इंग्रज सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. दादाने सांगितलं की त्यात गावोगावी रजिस्ट्रार नेमून शेतकऱ्याचं खत त्याच्यासमोर करण्याची सोय होती. कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसरं माणूस असावं, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. दामदुप्पट हा तर त्याहून किती जुना नियम, व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. मुंबई इलाख्यातली कोर्टं तो मानत आली. ब्रिटनने जानेवारी 2015 पासून महागड्या छोट्या कर्जांवर दिवसाला 0.8 टक्क्याची मर्यादा घातली आणि व्याज-फी-दंड सगळं मिळून मुद्दलाइतकंच, त्याहून जास्त नाही, असा नियम केला. म्हणजे आपलंच दामदुप्पट की ते! हे ऐकून मला बरं वाटलं, आणि आपल्याकडे प्रत्येक अ‍ॅपला ते का लागू नाही याचं वाईटही वाटलं.

नुसत्या वाक्याचा इशारा मात्र पुरत नाही, हेही लिहायला हवं. माझ्या डब्याची एक ताई कंपनीकडून दोन वर्षं रॉटरडॅमला होती. तिने सांगितलं, नेदरलँड्समध्ये कर्जाच्या प्रत्येक जाहिरातीवर 2009 पासून एक ठरलेली ओळ असते, ‘लक्ष द्या! पैसे उसने घ्यायला पैसे पडतात’, आणि शेजारी एक माणूस साखळीने युरोच्या चिन्हाला बांधलेला. मला ते फार आवडलं. मी म्हटलं, आपल्या लोकलमध्ये, बसस्टॉपवर असं हवं. पण तिनेच पुढे सांगितलं की तिथल्याच वित्तीय बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये तपासणी केली तेव्हा त्या ओळीने लोकांचं वागणं बदललं असं काही दिसलं नाही. ओळ नजरेला सवयीची झाली. आपल्या म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीचं शेवटचं वाक्य घ्या, सगळ्यांना पाठ आहे आणि कोणी ऐकत नाही.

क्रेडिट कार्डाचं तसंच. माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या सुषमाच्या नवऱ्याचं कार्ड आहे. त्याच्या बिलावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एक ओळ छापलेली असते, दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरलीत तर फेडायला कित्येक महिने किंवा वर्षं लागतील आणि व्याजावर व्याज चढेल. इंग्रजीत, पानाच्या तळाशी. तो दोन वर्षं किमान रक्कमच भरत होता. बाकी 40,000 ची, व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 1,400, त्यावर जीएसटी 252. तो भरायचा 2,000. त्यातले 348 मुद्दलात जायचे. सुषमाला मी हे कणिक मळताना सांगितलं तर ती हात तसेच पिठात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ‘‘मावशी, तो तर म्हणतो दोन हजार भरतो म्हणजे फिटतंय.’’ ओळ छापलेली होती. 348 हा आकडा छापलेला नव्हता.

मुंबईच्या स्टेशनांवर वर्षानुवर्षं घोषणा होते, फलाट आणि गाडीतल्या अंतराकडे लक्ष द्या. घोषणा हवीच. पण तेवढ्याने भागेना म्हणून फलाटांची उंची वाढवली, आणि आज चिंचपोकळीला चढताना आम्हा बायकांना त्याचा फरक कळतो. कर्जाच्या बाबतीत घोषणा जोरात आहे. अमिताभ बच्चन टीव्हीवर येऊन सांगतात, ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका. चांगलं आहे, माझ्या सासूबाईंनी ते ऐकून एकदा एका भामट्याचा फोन ठेवला. पण रीतसर कंपनीकडून रीतसर कर्ज घेताना आपण कुठे पडतो, त्याबद्दल तशी दणदणीत जाहिरात मी बघितली नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये असली विनातारण कर्जं फार वाढली म्हणून रिझर्व्ह बँकेने त्यांच्यावरची जोखीम 100 वरून 125 टक्के धरायला, म्हणजे त्यांच्यासाठी स्वतःचं भांडवल जास्त राखायला, बँकांना सांगितलं. म्हणजे काळजीचं कारण आहे हे वरच्यांना माहीत आहे, आणि त्यांनी बँकांना ते आकड्यांत सांगितलं. आम्हालाही आकड्यांत सांगा.

एक भीती मला स्वतःलाच वाटते, ती लपवत नाही. इशारा इतका भीतीदायक केला की माणूस रीतसर कर्जापासून पळेल आणि खांबावरच्या पोस्टराकडे जाईल. भारतमाता थिएटरजवळच्या खांबांवर आहेत ना चिकटवलेली, ‘तात्काळ पैसे, सिबिल नको, जामीन नको’, खाली नुसता मोबाइल नंबर. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याप्रमाणे सावकारीला परवाना लागतो, पण त्या नंबरवर फोन करणारा परवाना मागत नाही. म्हणून सिगरेटच्या पाकिटावरचं चित्र कर्जाला नको. कर्ज म्हणजे विष नव्हे. आईच्या त्या दोन हजारांवर आम्ही दोघं भावंडं शिकलो, आणि माझा फ्रीझर आज चालू आहे, त्यात उद्याच्या डब्यांची सुरमई आहे. ज्या कर्जाने कमाई वाढते आणि जे ऋण काढून सण करायला घेतलं जातं, त्यांतला फरक माणसाला स्वतःला करता यावा, इतकी जागा त्या सात मिनिटांत असायला हवी. गणपतीच्या आधी महिनाभर माझ्या फोनवर रोज मेसेज होते, बाप्पाच्या स्वागताला पन्नास हजार तयार आहेत. कोकणात जाणाऱ्या किती घरांनी ते घेतले असतील कोण जाणे.

माझा एक हप्ता चुकला तोही गणपतीमुळेच. 27 ऑगस्टला गणपती बसले, निम्मी गिऱ्हाइकं गावाला, बेचाळीस डब्यांचे एकोणीस झाले. 14 सप्टेंबरच्या हप्त्याला खात्यात पैसे कमी पडले. कंपनीचा दंड 500, आणि बँकेने हप्ता परत गेल्याचे 590 लावले. 16 तारखेला सकाळी सात वीसला फोन आला. मी डबे भरत होते. पलीकडचा माणूस वरच्या आवाजात म्हणाला, आज भरलं नाही तर तुमच्या नातेवाइकांना फोन करू. मी पैसे 19 ला भरले. पण ते तीन दिवस फोन वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं, आणि मुलगा विचारायचा, आई, कोण होतं?

त्याच कागदाने मला तिथे सोडवलं, हे प्रामाणिकपणे लिहिते. दादाने तिसरं पान काढलं. त्यावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव, फोन, ईमेल होता. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट 2022 चं परिपत्रक आहे. मी रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या नंबरला, 14448 ला, फोन केला, बाई मराठीत बोलल्या. त्यांनी सांगितलं, आधी कंपनीला लेखी तक्रार करा, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे या, फी काही नाही. 22 सप्टेंबरला मी मराठीत मेल केला, फोनच्या वेळेचा स्क्रीनशॉट जोडला. पंधरा दिवसांत उत्तर आलं, दिलगिरी, आणि 500 चा दंड परत. त्याच मेलमध्ये मी ते की फॅक्ट स्टेटमेंट मराठीत मागितलं होतं. तेही पाठवलं. म्हणजे त्यांच्याकडे होतं!

आता डिसेंबरचा हप्ता गेला. सहा झाले, सहा राहिले.

माझे तारे. कर्जाला पाचपैकी दीड. पैसे खरंच सात मिनिटांत येतात आणि अडचणीच्या रात्री त्याची किंमत असते, म्हणून शून्य नाही. घड्याळ, आधीच वाढवून ठेवलेला आकडा आणि ‘फक्त 2%’ यासाठी बाकीचे कापले. कागदाला साडेतीन. मजकूर चांगला आहे, प्रत्येक आकडा खरा आहे, शेवटच्या पानाने मला वाचवलं. दीड तारा कापला तो तो कुठे, केव्हा आणि कोणत्या भाषेत समोर येतो यासाठी. आणि 14448 ला पूर्ण पाच.

ज्यांना आत्ता गरज आहे त्यांच्यासाठी. अ‍ॅपमध्ये ‘पुढे’ दाबायच्या आधी खाली केएफएस किंवा की फॅक्ट स्टेटमेंट असं बारीक लिहिलेलं असतं, ते दाबा. पहिल्या आणि दुसऱ्या पानावर तीन आकडे शोधा: हातात येणारी रक्कम, एकूण फेड, एपीआर. दंड न देता कर्ज परत करण्याची मुदत किती दिवस तेही त्यातच असतं, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. मराठी प्रत हवी म्हणून तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, घड्याळ संपलं तरी काही बिघडत नाही, माझी ऑफर नंतर पुन्हा चार वेळा आली. अ‍ॅप खरं आहे का ते बघायला रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर 1 जुलै 2025 पासून अशा अ‍ॅप्सची यादी आहे. ती कंपन्यांनी स्वतः दिलेल्या माहितीवरून केलेली आहे, पण ज्याचं नाव त्यात नाही त्याच्या वाटेला जाऊ नका.

गेल्या मंगळवारी सुषमाने फोन माझ्यापुढे धरला. तिला मुलीच्या लॅपटॉपसाठी पंचवीस हजार हवे होते. मी पोळी तव्यावरून काढली, हात पुसले आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं, किती येणार, किती जाणार. मग फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि विचारलं, वरचे कुठून आणशील? ती म्हणाली, थांबा मावशी, आधी भिशीत विचारते.